वरसातून एकदा दहीभात

सकाळी आमी दोघं नवरा-बायको ओसरीवर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलो होतो. किडका दाणा निघाला की ती माझ्या अंगावर फेकायची. "तुमी तर आळीसकट सोलायलात. डोळे कुठं ठिवले?"

मी म्हणालो, "आळीनं आमटीला चव येती."

हसली. आमटी झाली की जेवू म्हणाली. पातेलं अर्धं भरलं तसं म्हणाली, "पडते जरा." आत गेली. ऊन कलायला आलं, हाक मारली तर उठली नाही. उठलीच नाही.

ती इथली नव्हती. बाप पार तिकडं तेलंगणात. आईबाप दोघं गेले तशी मामानं पालमकडच्या आपल्या गावात आणून टाकली. तोंडात बापाची तेलुगू. तोंड उघडलं की पोरं हसायची, 'तेलंगी' म्हणायची, खेळात घ्यायची नाहीत. मग तिनं तोंड उघडणंच सोडलं. मामीच्या लेकरांचं जेवण झालं की उरलेली भाकर तिची.

गावाबाहेर पायऱ्यांची विहीर होती. काठावर शेंदूर फासलेले सात दगड, साती आसरा. पाण्यातल्या बाया. एकटं लेकरू दिसलं की ओढून नेतात, म्हणून तिकडं कोणी आपलं पोर पाठवायचं नाही. हिला पाठवायचे, घागर देऊन.

एका दुपारी त्या वर आल्या, असं ती सांगायची. ओले केस, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. आणि बोलल्या तिच्या बापाच्या बोलीत. त्या गावात त्या बोलीतलं एक अक्षर तिच्याशी कोणी बोललं नव्हतं. ये म्हणाल्या. खाली झोका हाय, बांगड्या देऊ, तुला कोणी हसणार न्हाई. एकीनं पाण्यावरून हात फिरवला तर पाण्यात बापाचं अंगण दिसलं, लिंबाच्या झाडासकट. हिनं घागर ठेवली आणि खालच्या पायरीवर उतरली. पाणी घोट्याला लागलं.

तिथं हिनं विचारलं, "जेवायला काय असतं?"

"लोक दहीभात ठिवतात की."

"रोज?"

"वरसातून एकदा."

ही घागर भरून माघारी आली. "त्यापरीस मामीची शिळी भाकर बरी," असं म्हणून पोट धरून हसायची.

मी म्हणायचो, "भुकेनं चक्कर आली असंल तुला."

"आली असंल. पण बोलल्या बापाच्या बोलीत. ते खरं हाय."

आमच्या मळ्यातली विहीरही पायऱ्यांची. लग्न होऊन आल्यावर तिथं तिनं सात दगड मांडले. पाणी समदं एकच, म्हणायची. वर्षातून एकदा नाही, दर अवसेला दहीभात. "उपाशी असत्यात बिचाऱ्या." मी म्हणायचो, तुझ्या दहीभातानं बेडकं माजली. पण विहिरीवर ती एकटी कधी गेली नाही. मला काठावर उभं करायची. "आजून बी बोलावत्यात. पोट भरलेलं असतंय म्हणून जात न्हाई." हे सांगताना मात्र हसायची नाही.

बाया जमल्या. हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या चढवल्या. नवऱ्याच्या आधी गेली ना. "अहेव गेली, भाग्याची," असं माझ्यादेखत एकमेकींना सांगायल्या होत्या. भाग्य म्हणे. नवरा दारात बसलाय, त्याचं काय, कोणी विचारलं नाही.

शेजारची वहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, डोळे पुसत म्हणाली, "भाऊजी, आसरांनीच नेली हो. ल्हानपणापासून डोळा होता त्यांचा."

मी खेकसलो, "ती भाकर सोडून जाणारी बाई न्हाई."

मग माझं ध्यान त्या बांगड्यांकडं गेलं. आणि मग आठवलं, ती जेवली नव्हती. आमटी व्हायचीच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पिठलं-भाकर देऊन गेली. सुतकात मयताच्या घरची चूल पेटवत नाहीत. मी ते ताट झाकून ठेवलं आणि चूल पेटवली. तिनं सोललेल्या दाण्यांची आमटी केली, तिखट जास्त पडलं. भाकर थापायला मला येत नाही. कडा फाटल्या, एका अंगानं करपली.

धूर बघून वहिनी पळत आली. "भाऊजी, सुतक हाय! कळत न्हाई का?"

"कळतंय."

"मग आमचं आणलेलं काय घशाखाली उतरंना?"

"मला न्हाई. तिला पायजे."

तिनं तोंडाला पदर लावला. मी भाकर फडक्यात बांधली, आमटीचा गडवा घेतला, मळ्यात गेलो. सात दगडांपुढं थांबलो नाही. पाणी घोट्याला लागेपर्यंत खाली उतरलो. "तुमचा दहीभात बंद," मी मोठ्यानं म्हणालो. "ही भाकर तिची हाय. तुमी हात लावू नका."

वरच्या कोरड्या पायरीवर भाकर ठेवली, शेजारी आमटी. आणि कुत्रं येऊ नये म्हणून तिथंच बसून राहिलो.