दुधातलं मीठ

माझ्या सासूबाईंचं नाव सुंदरा. सुरतच्या उकाड्यातही त्या मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालतात. लग्न होऊन डिंडोलीच्या या घरात आले, तेव्हा मला वाटलं, बाई भारीच कडक दिसते, आता आपली काही धडगत नाही. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं, बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटांपासून कोपरापर्यंत पांढरे डाग होते.

"देखी ले," त्या म्हणाल्या. "नंतर कोनी सांगाले नको."

मी म्हटलं, "आत्या, भाजी करपतेय." सासूला आम्ही आत्याच म्हणतो. त्या हसल्या आणि आमचं जमलं ते तिथेच.

कोड कशानं आलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माहेर शहाद्याकडचं. लहानपणी रात्री दूध-भाकर असायची, पण घरात गूळ नसायचा. नुसती भाकर पोरीच्या घशाखाली उतरत नाही म्हणून आई दुधात चिमूटभर मीठ टाकायची. पोर वयात येताना पहिला डाग उठला आणि गावानं निकाल देऊन टाकला, की आईनं दुधात मीठ चारलं म्हणून पोरीला कोड आलं. आईनंही तो मान्य केला. लग्नात ती वऱ्हाडातल्या एकेकाला हात जोडत फिरत होती. माझे सासरे, लोटूमामा, भले माणूस. त्यांना डागांचं काही नव्हतं. पण सासूबाईंनी आईला माफ केलं नाही. माहेरी गेल्या तरी आईच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. ती वारली तेव्हा गेल्या आणि लगेचच्या बसनं परत आल्या.

इथे त्या घरबसल्या साड्यांवर खडे चिकटवतात. काम इतकं सुबक, की व्यापारी त्यांचंच नाव सांगतो. पण पाहुण्यांना वाढायला कधी पुढे येत नाहीत. कानबाईच्या सणाला देवीच्या नैवेद्याच्या रोटाचं पीठ मळायची वेळ आली, की यांना नेमकं गच्चीवर काम निघतं. लोकांनी काही बोलायच्या आत आपणच बाजूला झालेलं बरं, हा त्यांचा जन्माचा हिशोब.

आता माझी मुलगी योगिता. बाप पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये दिवसभर घाम गाळतो, ही फुकटात गाळते. कॉलेजच्या टीममध्ये लांब पल्ल्याचं धावते. रविवारी पहाटे कॅनॉल रोडनं निघाली, की ऊन वर आल्यावरच घरी. आणि आली की फरशीवर आडवी. पोटऱ्यांत गोळे, डोकं ठणकतंय, खाणं नको. पुढचा आख्खा दिवस भिंतीला धरून चालायची. चेतन सरांनी, म्हणजे तिच्या कोचनी, स्पष्ट सांगितलं होतं, की असंच चाललं तर जानेवारीच्या एकवीस किलोमीटरला नाव द्यायचं नाही.

उपायही त्यांनीच सांगितला होता. घाम वाळायच्या आत पाणी, मीठ, साखर आणि स्नायूंच्या दुरुस्तीचं सामान, सगळं पोटात गेलं पाहिजे. बाजारातल्या पावडरीच्या डब्यांतही तेच असतं. डबा नको असेल तर घरचं करा.

योगिता आजीपुढे जाऊन उभी राहिली आणि चिमटी दाखवत आपल्या सुरती गुजरातीत म्हणाली, "आजी, दूध, केळुं, खांड ने चपटी मीठुं. बस, आटलुं ज."

सासूबाईंच्या हातातली साडी खाली पडली. "केळं टाक, साखर टाक. या घरमा दूधमा मीठ पडाव नही."

केळ्याला त्यांची हरकत नव्हती. आम्ही खानदेशातले, शिकरण खाऊनच वाढलोय. पण मीठ म्हटलं की त्यांचा चेहरा पांढराफटक पडायचा. डागांचा आणि मिठाचा काही संबंध नाही, असं डॉक्टर केव्हाच सांगून मोकळे झाले होते. पण डॉक्टरांनी काही त्यांच्यासारखं आयुष्य काढलं नव्हतं. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. सकाळी लिंबू-मिठाचं पाणी, आणि दूध थेट दिवेलागणीला. मधे सबंध दिवसाचं अंतर. मिठाच्या पाण्यानं योगिताला थोडं बरं वाटायचं, पण पाय संध्याकाळपर्यंत लाकडासारखेच.

मी चोरून मीठ टाकू शकले असते. बाईंची पाठ फिरली की काम झालं. पण नातीवर आपल्यासारखी वेळ येऊ नये म्हणून जीव टाकणाऱ्या बाईला फसवायचं, हे माझ्याच्यानं होईना. योगितालाही ते पटेना. "आजी देईल तेव्हा पिईन," म्हणाली. दोघी सारख्याच हट्टी, आणि मी मधे.

थंडी पडायला लागली होती. एका दुपारी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली आले, तर सासूबाई ओट्याकडे तोंड करून उभ्या. हातात दुधाचा कप आणि मिठाची बरणी उघडी. त्यांनी चिमूट टाकली, बोटानंच ढवळलं आणि काढा प्यावा तसा डोळे मिटून कप रिकामा केला. मग बाही सारून डावा हात खिडकीच्या उजेडात धरला.

त्या हातावर, कोपराच्या जरा वर, तुळशीचं गोंदण आहे. लहानपणी आईनं त्यांना सारंगखेड्याच्या जत्रेत गोंदवून दिलेलं. डागाची कड त्या तुळशीपासून बोटभर अलीकडे थांबलेली. सासूबाई तीच कड न्याहाळत होत्या.

"आत्या, हे काय?"

त्या दचकल्या. मग बाही खाली ओढत म्हणाल्या, की दिवाळीपासून रोज पितेय. नातीला द्यायच्या आधी आपण बघितलेलं बरं. "माले तं कोड शेच. वाढनं तं मनंच वाढी."

मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. कपडे तिथेच टाकून मी त्यांना मिठी मारली. त्यांना मिठ्याबिठ्या चालत नाहीत. "सर बाजूले, दूध उतू जाई," म्हणाल्या. गॅस बंद होता.

पुढच्या रविवारी योगिता धावून आली आणि आजीनं स्वतः तिच्या हातात पेला दिला. दूध, केळं, साखर, आणि मीठ त्यांच्या बोटांनी टाकलेलं. योगितानं आधी आजीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि एका दमात प्यायली. "थोडं अजून चाललं असतं," एवढंच म्हणाली. त्यानंतर दर रविवारी पेला तयार असायचा. पोर पेला खाली ठेवते न ठेवते, तोच आजी तिचे दोन्ही हात ओढून दारातल्या उजेडात न्यायची. पुढून, मागून, बोटांच्या बेचक्यांत, सगळं बघायची. योगिता हात सोडवून घ्यायची नाही. हळूहळू गोळे कमी झाले. दुपारी झोपून उठली, की पोरगी जिना धडाधड उतरायला लागली.

जानेवारीत तिचं नाव गेलं. एकवीस किलोमीटर पुरे केले, नंबर काही आला नाही. पण घरी आली ती आपल्या पायांनी, गळ्यातलं पदक वाजवत. दूध प्यायली आणि न सांगता हात पुढे केले. सासूबाईंनी ते उजेडात धरले. बराच वेळ धरले. मग स्वतःची बाही सारून तुळशीचं गोंदण बघितलं. डाग होता तिथेच होता.

योगिता आंघोळीला गेली. सासूबाई उंबऱ्यावर बसल्या.

"मनी मायनी काहीच करेल नव्हतं," त्या म्हणाल्या.

पण ज्या माउलीला हे सांगायचं, ती कधीच गेलेली.

थोड्या वेळानं त्यांनी भाकरी मागितली. मी सकाळची ज्वारीची भाकर दिली. त्यांनी ती वाटीत कुस्करली, वरून दूध ओतलं आणि बरणीतलं मीठ चिमटीनं सोडलं. मग दारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, बाह्या कोपरापर्यंत वर करून त्या जेवल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसलं नाही. वाटी मात्र बोटानं पुसून खाल्ली.