दस्त्याची गालाकडची बाजू

शिसवाचा दस्ता हातात आला तेव्हा मेस्त्रींनी तो आधी नाकाशी धरला, मग कानाशी नेऊन बोटाच्या पेराने वाजवला. "सुका हाय," ते म्हणाले. माझी थोरली बहीण, आक्का, त्यांच्या पडवीच्या खांबाला धरून उभी होती. तिने सोडलेला श्वास मला ऐकू आला. दस्ता तिच्या बंदुकीचा होता.

श्रीवर्धनच्या बाजूला समुद्राला लागून आक्काची नारळ-सुपारीची वाडी आहे. वानरांचा कळप डोंगरावरून उतरतो, कोवळे नारळ पाडतो, अर्धे चाखून टाकून देतो. पीकसंरक्षणाचा परवाना आधी भावोजींच्या नावावर होता. ते गेल्यावर आक्काने रीतसर अर्ज करून तो आपल्या नावावर करून घेतला. बंदूक एकनळी, बारा बोअरची. ती कशी धरायची हे भावोजींनी तिला पूर्वीच, रिकाम्या बंदुकीवर शिकवलेलं: दस्ता खांद्याच्या खोबणीत, गाल दस्त्यावर टेकलेला, मग चाप. आक्का बार हवेतच काढते, पण गाल टेकवल्याशिवाय काढत नाही. आजवर तिने एकाही वानराला इजा केलेली नाही. वानरांनाही ते ठाऊक असावं, कारण बार झाल्यावर ती पळतात, पण फार लांब नाही.

गेल्या पावसाळ्यात चिऱ्याच्या शेवाळलेल्या पायरीवर तिचा पाय घसरला. बंदूक रिकामी होती. आक्काला खरचटलं, दस्ता मात्र मानेत, मुठीच्या जागी, मोडला.

म्हसळ्याला बंदुकांची दुरुस्ती करणारे एक परवानाधारक चाचा आहेत. त्यांनी नवा दस्ता घडवून दिला. आक्काने तो उलटासुलटा करून पाहिला. जुन्या दस्त्यावर एक वेल होती, भावोजींच्या तळव्याखाली झिजत आलेली. यावर काहीच नव्हतं.

"बोडकी बंदूक घेऊन फिरले तर वानरंसुद्धा हसतील, चाचा."

"बाय, नक्षीवाला होता तो आपल्या मुलखात निघून गेला. आता कोण करणार?"

आक्काने होड्या बांधणाऱ्या मेस्त्रींचं नाव घेतलं. नळी आणि चापाचा भाग दुकानातून हलणार नाही, ही अट चाचांनी घातली. नुसतं लाकूड न्यायला हरकत नव्हती. निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. नक्षीबद्दल त्यांच्याकडे विचारणा होत असते, पण नाव सुचवण्यासारखा माणूस नाही. हा दस्ता जमला तर पुढची लाकडंही ते मेस्त्रींकडेच पाठवतील.

हे शब्द मेस्त्रींपर्यंत पोचले तेव्हा त्यांची हत्यारांची पेटी नायलॉनच्या दोरीने बांधून दाराशी ठेवलेली होती.

मेस्त्रींनी आयुष्यभर लाकडी होड्या बांधल्या आणि त्यांच्या नाळी, म्हणजे पुढची टोकं, कोरली. पाकळ्या, सूर्य, मासे. बंदरात उभ्या असलेल्या होड्यांमधून त्यांच्या हातची नाळ लांबूनही ओळखू येई. आता बंदरात फायबरच्या होड्या येतात. त्यांचं टोक साच्यातून निघतं, त्यावर फूल हवं असेल तर स्टिकर मिळतो. मेस्त्रींचा मुलगा कळंबोलीला मॉड्युलर किचनच्या कारखान्यात आहे. दिवाळीनंतर वडिलांनी तिकडे यावं, प्लायवूड कापायच्या कामाला माणूस हवाच आहे, असं ठरलं होतं. मेस्त्री हो म्हणाले होते. त्यांच्या बायकोने पेटी बांधली होती.

दस्ता वाजवून झाल्यावर त्यांनी बायकोला हाक मारली. "गो, ती दोरी सोड."

"सोडते. पन पुन्यांदा बांधायला लावू नका."

पुढचे काही दिवस आक्काला कोळीवाड्यात रोज काही ना काही काम निघत होतं. कधी सुकट संपलेली असे, कधी कोणाची विचारपूस करायची असे. मी तिच्यासोबत जात असे. मेस्त्री पडवीत बसून गोल तोंडाच्या पटाशीवर मोगरीचे बारीक ठोके देत. शिसवाचा काळसर भुगा त्यांच्या पायांवर साचे. पेन्सिलीच्या रेघांतून पापलेट वर येऊ लागलं: आधी पाठीची कड, मग शेपटी, मग एकेक खवला. भोवती पाकळ्या, खाली लाटांची पट्टी. माशांच्या टोपल्या घेऊन जाणाऱ्या बायका थांबत.

"मेस्त्री, पापलेट घेतलात तर हलवा कोनी घ्यायचा?"

"हलवा तुज्या टोपलीत ऱ्हाऊ दे. त्याला नक्षी न्हाय शोभत."

"वयनी, या बंदुकीनं वानर मरल का मासा?"

आक्का हसायची, पण तिची नजर पटाशीवरून हलायची नाही. पापलेटाचा डोळा कोरायच्या वेळी तर तिने पदराचं टोक दातात धरलं होतं. ठोका पडला, कपचा उडाला, डोळा उघडला. पडवीत जमलेल्यांनी एकदम "वा" म्हटलं आणि मेस्त्री लाजले.

एक बाजू पुरी झाली तशी त्यांनी दस्ता उलटा केला आणि दुसऱ्या बाजूवर तसंच पापलेट काढायला घेतलं. यात कोणालाच वावगं वाटलं नाही. नाळीच्या दोन्ही बाजू सारख्याच कोरायच्या असतात. एकीकडे नक्षी आणि दुसरीकडे कोरी असली तर होडी काणी होते, एका डोळ्याने दर्या बघते आणि त्या बाजूला ओढते, असं इथे मानतात. आम्ही सगळेच होड्या बघत वाढलेले.

वांधा चाचांच्या दुकानात निघाला. जवसाचं तेल पिऊन दस्ता चकाकत होता. चाचांनी तो उजेडात धरला, उजव्या बाजूच्या पापलेटावरून अंगठा फिरवला आणि "माशाल्ला" म्हणाले. मग डावी बाजू वर केली.

"तौबा. इकडे पण?"

"मंग? एकीकडंच करू?" मेस्त्री म्हणाले.

"अरे मेस्त्री, बंदूक उजव्या खांद्याला लावली की इथे गाल टेकतो. बार झाला की बंदूक मागे येते. हे पापलेट बायच्या तोंडात जाईल."

"कानी बंदूक द्यायची व्हय मी वयनीला?"

"बंदुकीला डोळे नसतात!"

"तुमच्या बंदुकीला नसतील."

चाचा डावी बाजू तिथल्या तिथे तासून सपाट करायला तयार होते. त्यांनी कानस हातात घेतलीही. आक्काने दस्ता ओढून घेतला. दोन पापलेटांपैकी एक मारायला ती तयार नव्हती.

"बसवून द्या, चाचा. गाल माझा आहे. मी बघते."

चाचांनी बंदूक जोडली, खटका तपासला, खोळीत घालून दिली आणि मेस्त्रींकडे न बघता म्हणाले, "मी काम पाठवायचं कबूल केलंय, पण दात पाडणारं नाही."

परतताना रिक्षात मेस्त्री खोळीवरूनच दस्ता चाचपत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वानरं उतरली. आक्काने बंदूक भरली. तिला गाल टेकवताना मी पाहिलं. तिने जरा तोंड वेडंवाकडं केलं, पण मान हलवली नाही. बार झाला. माडावरून कळप कुंपणापलीकडे गेला, कावळे उठले, आणि आक्का बंदूक खाली करून उभी राहिली. तिच्या उजव्या गालावर पापलेट उठलं होतं. खवले मोजता आले असते. शेपटी कानाकडे, तोंड नाकाकडे.

मेस्त्री वाडीच्या फाटकाशी उभे होते. आक्काने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय झालंय?"

मी फोनचा कॅमेरा तिच्यासमोर धरला. तिने बराच वेळ पाहिलं. मग ती हसत सुटली, इतकी की तिला बंदूक उघडून काडतुसाचं नळकांडं काढून माडाच्या बुंध्याशी बसावं लागलं.

"मेस्त्री, डोळासुद्धा आलाय हो!"

मेस्त्री हसले नाहीत. ते जवळ आले, उकिडवे बसले आणि तिचा गाल बघू लागले. "जरा उजेडाकडं करा, वयनी." तिने तोंड वळवलं. पाठीची कड लालभडक होती, पोटाकडचा भाग फिका. पाकळ्यांपैकी एकच उमटली होती. लाटांची पट्टी उमटलीच नव्हती. मेस्त्रींनी हात न लावता बोटाने हवेतच ती रेघ काढली, मग दस्त्यावर तीच जागा शोधली. सूज उतरेपर्यंत आक्का गावात फिरली आणि भेटेल त्याला गाल दाखवत राहिली. मेस्त्रींच्या घरी मात्र दोरी पुन्हा पेटीवर आली होती. बायकोने बांधली नव्हती, त्यांनीच ठेवली होती, गाठ न मारता.

मग ते स्वतः आक्काकडे आले. "म्हसळ्याला जाऊ. मी हत्यारं घेतो."

चाचांनी दस्ता सोडवून दिला आणि दुकानाच्या ओट्यावर जागा करून दिली. डावी बाजू सपाट करायला हवी, हे आता दोघांनाही मान्य होतं. सपाट केलेली बाजू कोरी सोडायला मेस्त्री अजूनही तयार नव्हते.

"मग वर नको, आत कोर," चाचा म्हणाले. "रेघ खोल घाल. गालाला काय कळणार आहे?"

मेस्त्रींनी मान हलवली. आत कोरायचं नाही, हे त्यांना बापाने पहिल्या दिवशी शिकवलेलं. खोल रेघेत पाणी राहतं, पाणी राहिलं की लाकूड कुजतं. होडीची नक्षी म्हणूनच नेहमी उठावाची. "आत पानी धरल."

"मेस्त्री, बंदूक पाण्यात सोडणार आहेस का?"

मेस्त्रींचा हात थांबला. त्यांनी चाचांकडे पाहिलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसले. "न्हाय," ते म्हणाले. "न्हाय सोडनार."

पापलेट तासून जाईपर्यंत आक्का रस्त्याकडे तोंड करून बसली. तिला ते बघवेना. गालाखालची जागा मेस्त्रींनी नुसती सपाट केली नाही, तर आक्काच्या गालावर पाहिलेल्या रेघेप्रमाणे किंचित खोलगट केली. चाचांनी तिथे अंगठा फिरवला आणि चहा मागवला. मग सर्वांत बारीक पटाशीने, मोगरी न वापरता, नुसत्या मनगटाच्या जोरावर मेस्त्रींनी रेघा घालायला सुरुवात केली. अशा रेघा त्यांनी आयुष्यात घातल्या नव्हत्या. पहिली जरा वाकडी गेली, तिची त्यांनी शेपटी केली. पुढे हात सुटला. संध्याकाळी दस्ता तिरका धरला तर त्यात पापलेट दिसत होतं, सरळ धरला तर नुसतं लाकूड.

आता वानरं यायला हवी होती. आक्काचा नियम आहे: परवाना पिकासाठी आहे, उगाच बार काढायचा नाही. सकाळी मेस्त्री, त्यांची बायको, टोपलीवाल्या दोघीतिघी असे सगळे वाडीत येऊन बसले. वानरं आली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. माणसं माना वर करून माडांचे शेंडे न्याहाळत होती. या गावात वानरांची अशी वाट कोणी कधी पाहिली नसेल.

"बोलवायला जाऊ काय डोंगरावर?" टोपलीवाली म्हणाली.

"त्यांना कळलंय, मासा गेला म्हनून," दुसरी म्हणाली.

मेस्त्रींच्या बायकोने तिला कोपराने ढोसलं.

तिसऱ्या सकाळी पहिला नारळ धप्पकन पडला आणि सगळे एकदम उभे राहिले. आक्का पुढे झाली. दस्ता खांद्यात, गाल खोलगटात. मेस्त्रींनी डोळे मिटून घेतले होते. बार झाला. कळप उठला, एक पिल्लू मागे राहिलं होतं त्याला आईने येऊन ओढून नेलं, धूर पांगला. मग आक्काभोवती एवढी गर्दी झाली की मला तिचा गालच दिसेना.

"बगू, बगू!"

"तेल लागलंय फकस्त."

"मेस्त्री, डोळे उघडा आता!"

मेस्त्रींनी तिला उजेडाकडे वळायला सांगितलं. त्यांनी वाकून, बारकाईने, एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने पाहिलं. "साफ हाय," ते म्हणाले. त्यांच्या बायकोने पदराने डोळे टिपले आणि लगेच वानरांना शिव्या घातल्या, इतके दिवस लावले म्हणून.

मी काढलेला व्हिडिओ चाचांना त्याच क्षणी गेला. आठवडा गेला, मग त्यांचा फोन आला. एक दस्ता आहे, मालक पालीकडचा, त्याला नक्षी हवी आहे. "मेस्त्रीला सांगा, माणूस डावखुरा आहे. गाल दस्त्याच्या उजव्या बाजूला."

मी निरोप दिला तेव्हा मेस्त्री पडवीत होते. नायलॉनच्या दोरीवर त्यांच्या बायकोने कपडे वाळत घातले होते.

"लाकूड मागनं धाडा म्हनावं," ते म्हणाले. "आदी मानूस धाडा."

माणूस आला. चांगला धिप्पाड, गाल भरलेले, काय चाललं आहे याचा अंदाज नसलेला. मेस्त्रींनी त्याला पडवीत उभं केलं. खराट्याच्या दांड्याला चुलीतला कोळसा चोळला आणि दांडा त्याच्या हातात दिला.

"खांद्याला लावा. नेम धरा. आता गाल टेकवा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्याने गाल टेकवला आणि उचलला. मेस्त्री त्याच्या तोंडासमोर उकिडवे बसून तो काळा डाग कुठून कुठे आहे ते बघत होते, आणि न बघताच हात मागे नेऊन पेन्सिल शोधत होते.