चिखलावरची दोन मिनिटं

शहाद्याच्या एस.टी. स्टँडवर उतरलो तेव्हा अंगावरचा सदरा घामाने चिकटला होता. या प्रवासाला मी हौसेने निघालो नव्हतो. जलवाहनांना परवाने देणाऱ्या एका कचेरीत माझी सगळी नोकरी झाली. नौका कशाला म्हणायचं, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी पोटकलमासकट सांगितलं असतं. त्या शहाणपणाने कुणाचं काय केलं ते पाहायला, निवृत्त झाल्यावर, मी इथे आलो होतो.

घ्यायला रतिलालभाऊ आले होते. लोणखेड्यात त्यांचं शेती-अवजारं दुरुस्त करण्याचं वर्कशॉप आहे. त्यांनी घरी हॉवरक्राफ्ट बांधलं आणि परवान्यासाठी अर्ज केला, तो माझ्या टेबलावर आला, एवढीच आमची ओळख. नंतर गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला होता, “साहेब, मशीन चिखलमा फसनं. बाई गई.” आणि त्यांनी फोन ठेवला होता.

आता मात्र ते एवढंच म्हणाले, “या साहेब. पहिले पानी प्या, मंग बोलूत.”

वाचकांना हे यंत्र माहीत असेलच असं नाही. हॉवरक्राफ्ट म्हणजे हवेच्या गादीवर चालणारं वाहन. एक पंखा खाली हवा कोंडतो, दुसरा मागून ढकलतो. जागेवर उभं असतानाही ते तरंगतं. वेग घेतल्यावरच विमानासारख्या पंखांखाली हवा धरणारी यानं निराळी. याच्या मुख्य जाती दोन. एकीला चहूबाजूंनी रबरी कापडाची झालर असते. ती पाणी, वाळू, चिखल, सगळ्यावरून जाते. दुसरीला दोन्ही अंगांना कडक भिंती असतात आणि त्या पाण्यात बुडलेल्या राहतात. हवा कमी निसटते, पण ही पाणी सोडून कुठे जात नाही.

रतिलालभाऊंनी पहिली जात बांधली होती. झालर शिवली होती ट्रॅक्टरच्या सीटा शिवणाऱ्या शिंप्याने, सुट्या सुट्या खोळींची, म्हणजे एक फाटली तरी बाकीच्या हवा धरून राहाव्यात. त्यांची बायको नर्मदेकाठच्या पाड्यांवर (वस्त्यांवर) नर्स आहे. धरणाचा फुगवटा, म्हणजे मागे साठलेलं पाणी, उन्हाळ्यात उतरला की पाणी आणि वस्ती यांच्यामध्ये नुसता गाळ उरतो. बोट काठाला लागत नाही, माणूस कमरेपर्यंत रुततो. त्या गाळासाठी हे यंत्र होतं.

अर्जावर मी शेरा मारला होता, ‘वाहन पाण्याला टेकत नाही, सबब नौका म्हणता येत नाही.’ नियमाला एवढा काथ्याकूट नको होता. तो माझा शौक होता. शिवाय फोनवर उपायही सुचवला, भिंती लावा, म्हणजे ती पाण्यात राहील आणि मला नौका म्हणता येईल. आपण केवढी मदत केली असं वाटून त्या दिवशी मी खुशीत घरी गेलो होतो.

“तुम्ही सांगं, मी भिंती लाई दिन्यात,” वर्कशॉपमध्ये यंत्रावरची ताडपत्री ओढत रतिलालभाऊ म्हणाले. “कागद भेटी गया. मी तो फ्रेम करीसन लाया.”

प्रमाणपत्र खरंच भिंतीवर होतं, हळदी-कुंकू लावून. खाली माझी सही.

मी पाना मागितला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दिला. दोन्ही भिंतींचे बोल्ट काढायला आम्हाला संध्याकाळ झाली. माझे हात सोलवटले. रात्री त्यांच्या घरी कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि मिरचीचा ठेचा पुढे आला, पण ताट ठेवून नर्सबाई पाठ फिरवून आत गेल्या. मला ते बरंच वाटलं.

सकाळी यंत्र टेम्पोत चढवून म्हसावदवरून सातपुडा चढलो. धडगावच्या अलीकडे छपराछपरावर आमचूरसाठी कैऱ्यांच्या फोडी वाळत होत्या, साऱ्या घाटात आंबट वास. एरवी मी त्यावर पानभर लिहिलं असतं. नदीकडे उतरताना एका खुंटाला अडकून झालरीची एक खोळ फाटली. रतिलालभाऊंनी गोधडीची सुई काढून ती तिथेच टाचली.

मग पाण्यापलीकडे गाळ दिसला. उन्हात वरून भेगाळलेला, खाली लोण्यासारखा मऊ. त्यामागे टेकाडावर सायसिंगचं घर. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या बायकोला, रमीलाला, बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यावर हे यंत्र तिला आणायला गेलं होतं. पाणी संपताच भिंती गाळात घुसल्या. लोकांनी तिला झोळीत घालून यंत्राकडे आणायला सुरुवात केली आणि तेही रुतले. ती मधेच गेली, मूलही गेलं.

आम्ही आता पाण्यावरून निघालो. इंजिन गरजलं, झालर फुगली. पाणी संपलं ते मला कळलंही नाही. गाळावरून आम्ही तसेच सरळ गेलो, मागे जेमतेम ओरखडा उठत होता. यंत्र सायसिंगच्या अंगणापाशी जाऊन टेकलं. रतिलालभाऊंनी इंजिन बंद केलं आणि खांद्यावरच्या रुमालात तोंड खुपसून ते रडू लागले. मी आयुष्यात एवढी यशस्वी चाचणी पाहिली नव्हती, आणि ती फसावी असं मला सारा वेळ वाटत होतं.

सायसिंग आश्रमशाळेत शिकलेला, मराठी स्वच्छ बोलतो. त्याने यंत्राभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं.

“किती वेळ लागला?”

“दोन मिनिटं,” मी म्हणालो.

“आम्ही सकाळपासून दुपारपर्यंत तिथे होतो.” त्याने गाळाकडे हात केला. “भिंती कुठे गेल्या?”

“काढल्या. त्या मीच लावायला सांगितल्या होत्या. हे माझ्यामुळे झालं.”

तो रागावेल, मारेल, काहीही करेल म्हणून मी उभा होतो. त्याने आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं, आधी रतिलालभाऊंना दिलं, मग मला. मी पिईपर्यंत थांबला.

“साहेब, तुम्ही गाळ पाहिला होता का?”

“नाही.”

“मग लिहिलं कसं?”

मी रिकामा तांब्या त्याच्या हातात दिला.

परतताना शहाद्याला रतिलालभाऊंनी केळीची फणी हातात दिली आणि विचारलं, “आते नवा अर्ज करू, तर पास व्हई का?” मी म्हणालो, व्हायला हवा, मी स्वतः लिहून देतो. बस हलल्यावर पुढच्या सीटच्या पाठीवर वही टेकवून लिहायला बसलो. वाहनाचा प्रकार, चालकशक्ती, झालरीची लांबी, सगळं झरझर आलं. ‘वापराचे ठिकाण’ या रकान्यात पूर्वी मी फक्त जिल्ह्याचं नाव मागत असे. तिथे मी लिहिलं, सायसिंगच्या अंगणापर्यंत. आणि मग पुढचं काही दिसेना.