हात लावून मोजणाऱ्या अक्का

अक्कांच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला पाण्याच्या तांब्याआधी एक प्रश्न मिळायचा : पोहता येतं का? भाड्याची खोली बघायला मी आणि नंदा गेलो तेव्हा आम्हालाही तो मिळाला. आम्ही दोघांनीही नाही म्हणून सांगितलं. अक्कांनी आमच्याकडे, मग नंदाच्या कडेवरच्या मुलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग तुमाला जिन्याजवळची खोली देते." ज्या सोलापुरात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी येतं, तिथं ही बाई पुराच्या तयारीनं बसली होती. खोली तशी अंधारीच होती. पण घरमालकिणीबद्दल मला इतकं कुतूहल वाटलं की आम्ही ती घेऊन टाकली.

अक्का अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. मुलगा पुण्याला नोकरीला. अंगणाभोवती चार बिऱ्हाडं : एकात त्या स्वतः, एकात आम्ही तिघं, समोर कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या बसवराजचं पाच माणसांचं कुटुंब आणि मागच्या टोकाला एकटे तात्या. तात्यांचं सगळं आयुष्य मागावर गेलेलं. त्या खडखडाटात कान गेले ते गेलेच. घरामागे एक ओढा होता, म्हणजे अक्का त्याला ओढा म्हणायच्या. आम्ही राहायला गेलो तेव्हा त्यात मुलं क्रिकेट खेळत होती.

अक्कांच्या दाराआड खिळ्याला एक जाड कापडी पिशवी लटकलेली असे. तिचं नाव पळायची पिशवी. तिच्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या रेशनकार्डाच्या झेरॉक्स, बॅटरी, शिट्टी, दोरी, चष्म्याची जुनी जोडी आणि एका डब्यात कडक भाकरी नि शेंगाचटणी. कडक भाकरी महिनाभर टिकते, तरी अक्का दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती बदलत आणि जुनी आम्हा भाडेकरूंना वाटत. म्हणजे महिनाभर संकट आलं नाही की आमच्या सकाळच्या न्याहारीची सोय व्हायची. एकदा भरदुपारी त्यांच्या सासरकडचे चार पाहुणे न कळवता येऊन थडकले, तेव्हा अक्कांनी शांतपणे पिशवी उतरवून डबा उघडला. मी हसलो, तर म्हणाल्या, "पाव्हनं बी आपत्तीच की, सर."

भूकंपासाठी वेगळी व्यवस्था होती. लातूरकडच्या भूकंपात सोलापूरही हादरलं होतं, तेव्हापासून त्यांच्या पलंगाच्या वर भिंतीला काहीही टांगलेलं नसायचं. देवसुद्धा खाली, लाकडी पेटीवर. फडताळावर एक स्टीलचा पेला पालथा आणि त्याच्यावर दुसरा ठेवलेला. जमीन हलली की पेला पडणार, पेला पडला की अक्का उठणार. प्रत्यक्षात तो बसवराजच्या मांजरानं तीनदा पाडला आणि तिन्ही वेळा आम्ही दहाच्या दहा माणसं, ऐकू न येणारे तात्या बसवराजचा हात धरून, हातातलं काम टाकून अंगणात आलो. तिसऱ्या वेळी नंदा कणकेच्या हातानं उभी होती. मांजराला ताकीद द्यावी असं मी सुचवलं. अक्का म्हणाल्या, मांजराचं बरोबरच आहे, तुम्हीच बाहेर यायला उशीर केलात.

या उशिरावर उपाय म्हणून त्या रविवारी सकाळी कधीही ताट वाजवत आणि आम्ही गच्चीवर जमायचं असा नियम झाला. भाडेकराराच्या कागदावर तो नव्हता, पण न पाळायची कुणाची छाती नव्हती. गच्चीच्या तोंडाशी उभ्या राहून अक्का माणसं मोजत. नुसत्या नजरेनं नाही. प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून, आकडा मोठ्यानं म्हणून. बसवराजची तान्ही पोर आईच्या खांद्यावर झोपलेली असली तरी तिच्या पाठीला वेगळा हात लागे. शेवटी स्वतःच्या छातीवर हात ठेवून "धा" म्हणत, मग आम्ही सुटायचो.

एका रविवारी नंदा भाजीला गेली होती. आकडा नऊवर अडला. मी म्हणालो, ती मंगळवार पेठेत असेल, येईल आता. अक्कांचा चेहरा मी पहिल्यांदा कठोर झालेला पाहिला.

"असंल म्हनू नगा, सर. हाय का न्हाय, ते बगून सांगा."

मला राग आला. भर सकाळी, कोरड्या ठाक उन्हात, भाजीला गेलेल्या बायकोचा पत्ता कशाला लावायचा? तरी मी फोन केला. नंदा कोथिंबिरीचा भाव करत होती. अक्कांनी फोन माझ्या हातातून घेऊन तिचा आवाज ऐकला, मग "धा" म्हणाल्या. त्या दिवशी मी त्यांना सरळच विचारलं की हे मोजणं कुठून आलं. "अंगणवाडीची सवय," एवढंच म्हणून त्या तुळशीला पाणी घालायला वळल्या. मला ते पटलं नाही. माझी बहीणही शाळेत शिकवते, ती घरी आल्यावर माणसं मोजत नाही. नंतरही मी दोन-तीनदा आडून विचारून पाहिलं, पण अक्का दाद देत नसत.

मग तो सप्टेंबर आला. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. चौथ्या दिवशी शाळांना सुट्टी होती, दुकानंही बंद, त्यामुळे आम्ही घरीच होतो. दुपारी चारच्या सुमारास मागून एक घरघर ऐकू आली आणि बघता बघता क्रिकेटचा ओढा आमच्या अंगणात आला. अक्कांनी ताट वाजवलं. इतकी वर्षं केलेल्या तयारीची परीक्षा होती आणि खरं सांगायचं तर तयारी सपशेल नापास झाली. शिट्टीत गंज होता, ती नुसती फुसफुसली. बॅटरीतले सेल अक्कांनीच भिंतीवरच्या घड्याळाला घातले होते. दोरी नंदानं मागून नेली होती आणि तिच्यावर आमचे कपडे वाळत होते. पिशवी खिळ्यावरून काढताना बंद तुटला आणि ती डब्यासकट फाटकाकडे तरंगत गेली. पण पाय मात्र शिकलेले होते. कुणी कुणाला काही न सांगता आम्ही जिना चढलो.

वर अक्का मोजत होत्या. आकडा नवावर थांबला. तात्या नव्हते.

"तात्या लेकीकडे गेलेत," मी म्हणालो. मला खात्री होती. तो गुरुवार होता आणि गुरुवारी ते लेकीकडे जेवायला जात. सकाळी छत्री घेऊन फाटकाबाहेर पडताना मी त्यांना स्वतः पाहिलं होतं.

"तितं पोचल्यालं कुनी बघितलं?" अक्कांनी विचारलं.

कुणीच नाही. लेकीचा फोन लागत नव्हता. अक्का पदर खोचून जिना उतरू लागल्या. साठी उलटलेली बाई मांडीभर पाण्यात उतरतेय हे पाहिल्यावर मला लाज वाटली. बसवराजनं त्यांना धरून नंदाच्या हवाली केलं आणि तो नि मी खाली गेलो.

तात्यांच्या दाराला आतून कडी होती. हाका मारून उपयोग नव्हता. दोघांनी खांदे लावले तेव्हा चौथ्या-पाचव्या धक्क्याला कडी निघाली. आत तात्या खाटेवर पाय वर घेऊन, डोळे मिटून बसले होते. रस्त्यात पाणी बघून ते अर्ध्यातून परतले होते आणि पावसाची झड आत येते म्हणून त्यांनी दार लावून घेतलं होतं. पाणी खाटेच्या नवारीला लागलं होतं. आम्हाला पाहून ते म्हणाले, "एवढ्या पावसात कशाला आला, सर? बसा."

बसवराजनं त्यांना पाठीवर घेतलं. गच्चीवर अक्कांनी तात्यांच्या ओल्या खांद्यावर हात ठेवला आणि आकडा पुरा केला. नंतर अर्ध्या तासात तात्यांच्या खोलीची खिडकी पाण्याखाली गेली. मी तिकडे बघत उभा होतो. अक्का काहीतरी बोलतील, निदान माझ्याकडे बघतील, याची वाट पाहत होतो. त्या बसवराजच्या पोरीचं डोकं पदरानं पुसत राहिल्या. त्या विषयावर त्या कधीच एक शब्दही बोलल्या नाहीत.

दोन वर्षांनी अक्का गेल्या. आजार चार दिवसांचाच. इच्छेप्रमाणे त्यांना गावी नेलं. टेंभुर्णीच्या पुढे भीमेच्या काठी त्यांचं माहेर होतं. दहाव्याला आम्ही सगळे भाडेकरू गेलो. तिथं त्यांचे थोरले भाऊ भेटले, पांढऱ्या मिशांचे, काठी टेकत चालणारे. मी अक्कांच्या पिशवीच्या, पेल्याच्या गोष्टी सांगितल्या, त्यांनी त्या हसत ऐकल्या. मग मी मोजण्याचं सांगितलं आणि त्यांचं हसू गेलं.

नदीकडे बघत त्यांनी सांगितलं. अक्का सात वर्षांच्या होत्या, हे चौदाचे. नदीला पूर आला. धान्याची पोती काढली, म्हैस काढली, माणसं माळावर गेली. आईनं विचारलं, पोर कुठं आहे? यांनी सांगितलं, मावशीकडं गेलीय. सकाळी तिकडं जाताना यांनी पाहिली होती. पण तिला वाटेत ताप भरला, ती माघारी आली आणि माळवदावरच्या, म्हणजे मातीच्या धाब्यावरच्या, अडगळीच्या खोलीत जाऊन झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी गुऱ्हाळातल्या गूळ आटवायच्या मोठ्या काहिलीचा तराफा करून माणसं गेली, तेव्हा ती माळवदाच्या कोपऱ्यात बसलेली सापडली.

"आईनं सगळ्यांम्होरं इचारलं, मावशीकडं गेली म्हनून कुनी सांगितलं?" ते म्हणाले. "माझी तर बोबडीच वळली. तर ही म्हनली, मीच दादाला तसं सांगून गेलते. खरं तर मला कायबी सांगितलं न्हवतं तिनं. आई मरूस्तवर तेच खरं धरून बसली."

मी त्यांना तात्यांची हकीकत सांगितली. ती चूक माझ्याकडूनही झाली होती, तेही सांगितलं. मी हे नंदालाही कधी नीट बोललो नव्हतो.

त्यांनी विचारलं, "मंग ती काय म्हनली तुमाला?"

"काहीच नाही."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "न्हाईच म्हनायची ती," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले.