फटाक्याच्या तोफेचा किल्लेदार

वाईच्या रस्त्याला सिमेंटचा नवाकोरा किल्ला बांधलाय. रविवारी तिथं तिकीट लावून जुन्या काळची लढाई दाखवतात. तिथल्या कँटीनला दूध मी घालतो, पण चिकटवलेल्या मिशांचा हा किल्लेदार मुजरा केल्याशिवाय मला आत सोडत नाही. वर म्हणतो, "अजून वाक की रं!"

परवा माझे चुलते खेळ बघायला आले. सगळी नोकरी लष्कराच्या तोफखान्यात झालेली, तोफा डागून डागून दोन्ही कान गेलेले. किल्लेदार ओरडला, "आवं, मुजरा करा!" चुलते नुसते बघत राहिले. "भैरं हायसा व्हय?" म्हणत ह्यानं त्यांना मानेला धरून वाकवलं.

मग फटाक्याची तोफ उडवायची वेळ झाली, तसा ह्यानं शेल्यातून कापूस काढला आणि दोन्ही कानांत घट्ट कोंबला.