अक्कांनी तोडलेल्या शेंगा

मैत्रिणींनो, आज दुपारी घडलेलं आजच या वहीत लिहिते. वही फिरत तुमच्या हाती आली की वाचा.

माझे यजमान धुळ्यात साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. मडमेने दिलेलं स्वीट पी या वाटाण्यासारख्या दिसणाऱ्या फुलवेलाचं बी त्यांनी आमच्या कुंपणाला लावलं. ते गेल्यापासून सहा वर्षं मी तेच बी धरते आहे. फुलांच्या वासाने रस्त्यातली माणसं थांबतात, पण बी मी कधी कुणाला दिलं नाही.

आज शाळेत शिकवून घरी आले, तर वेलावर शेंगाच नव्हत्या. शेजारच्या अक्कांच्या चुलीवर भाजी शिजत होती.

"सुनले वाटानानी भाजी खावानी इच्छा व्हयनी," अक्का म्हणाल्या. त्यांची सून गरोदर आहे.

"अक्का, हा वाटाणा नव्हे. या शेंगा विषारी असतात."

मी पातेलं उतरवलं. सुनेने अजून चाखलं नव्हतं. अक्कांनी भाजी उकिरड्यावर ओतली. शेंगा विषारी असतात हे सहा वर्षांत मी कुणाला सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी आम्ही दोघींनी बियांसाठी वेलावर उरलेल्या शेंगा शोधल्या. शेंड्याला तीन शेंगा सापडल्या.

"पुढला साल मना आंगनमाबी लाव," अक्का म्हणाल्या. "एक घरनं गयं तर दुसरा घरमा राही."

मी हो म्हटलं. आजवर, बी परक्या अंगणात गेलं की यजमान माझ्यापासून आणखी लांब जातील, असं मला वाटायचं. तुम्हाला कधी असं वाटलंय का?