खतच्या डोंगरातली कॉफी

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगायचं तर चुका काढायला वाचतो. अमावास्येच्या काळोखात बाईच्या साडीची किनार हिरवी होती हे कसं कळलं बुवा? गाडी बंद पडली तर आधी बॅटरी का नाही तपासली? माझी बायको वैशाली म्हणते, तुम्हाला भूत भेटलं तर तुम्ही त्याच्याकडे व्हिसाची कॉपी मागाल. मागेनच. त्यामुळे मी इथे लिहायला बसलोय याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटतंय.

माझ्या हकिकतीत रात्र नाही, कोणी नाहीसं झालं नाही, कुत्रीही रडली नाहीत. भर दुपारी, स्वच्छ उन्हात, चांगल्या हाडामांसाच्या माणसाच्या घरी घडलेली गोष्ट आहे. आणि तरीही...

साल सत्त्याण्णव, हिवाळ्याचे दिवस. आम्ही तेव्हा बर दुबईत, मीना बाजारच्या मागच्या गल्लीत राहायचो. मी, वैशाली आणि आमची सई — तिसरीत होती. अप्पा, म्हणजे माझे वडील, त्याच्या आदल्या वर्षी गेले, म्हणून आईला पुण्याहून व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं होतं. आई गप्प गप्प असायची. गॅलरीत बसून खालची रहदारी बघायची आणि गुडघे चोळायची.

गुडघ्यांवरून आठवलं. माझ्या ऑफिसात क्लाउस नावाचा एक जर्मन होता. त्याच्या टेबलावर त्याच्या गावाकडच्या फोटोंचं कॅलेंडर असायचं. बुटके बुटके डोंगर, वरपर्यंत गच्च झाडी, दर टेकडीवर एक किल्ला आणि खाली गरम पाण्याच्या कुंडांची गावं. त्यांच्याकडे म्हणे डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात — जा आणि पंधरा दिवस पाण्यात बसून राहा. मी हसलो तर तो म्हणाला, ‘‘हसतोस काय, इथेही आहे की. आईला खतला घेऊन जा.’’

खत म्हणजे रास अल खैमाच्या बाजूला, हजर नावाच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेलं गाव. गंधकाचे गरम झरे, बायकांची आंघोळीची जागा वेगळी, पुरुषांची वेगळी. कॅलेंडरातल्यासारखं जंगल नाही, पण खजुराच्या बागा आहेत, आणि किल्ले म्हणाल तर टेकड्यांवर दगडमातीचे पडके बुरूज. नाव ऐकून आई म्हणाली, ‘‘खतात अंघोळ? मी काय वांग्याचं झाड आहे का?’’ अप्पा गेल्यानंतरचा तिचा तो पहिला विनोद. मला एवढं बरं वाटलं की पुढचे सगळे शुक्रवार आम्ही खतलाच गेलो. गुडघे किती सुधारले देव जाणे, पण आई बोलायला लागली.

तिची परतीची फ्लाइट एका शुक्रवारीच होती, संध्याकाळची. अप्पांचं वर्षश्राद्ध दोन दिवसांवर आलं होतं, आणि त्याला तिला पोचायचंच होतं. दुसरं काहीही चुकलं तरी चालेल, हे चुकता कामा नये, असं तिने मला आठवडाभर बजावलं होतं. तरी सकाळी तीच म्हणाली, ‘‘बॅगा भरून झाल्यात. जाता जाता एकदा पाण्यात बसून येऊ.’’

गेलो. आंघोळी झाल्या. वेळ हातात होता, म्हणून मी गाडी गावामागच्या डोंगरात घातली. तिथे एका वाडीतून — वाडी म्हणजे पावसाळी नदीचं कोरडं पात्र — खडीचा रस्ता आत जातो. दोन्ही बाजूंना उभे कडे. आत एक बुरूज आहे असं कोणीतरी सांगितलं होतं. बुरूज पाहिला, सईने फोटो काढून घेतले. परत निघालो, तर आईने वैशालीच्या कानात काहीतरी सांगितलं. बाथरूमला जायचं होतं.

उंचवट्यावर, खजुराच्या चार झाडांत एक दगडी घर दिसलं. गाडी वर नेऊन अंगणात लावली, दार वाजवलं. एक म्हातारा बाहेर आला. पांढरी दाढी, अरबांचा पांढरा पायघोळ कंदुरा आणि गळ्याभोवती मफलरसारखं घट्ट गुंडाळलेलं फडकं. घरात दुसरं कोणी नव्हतं. वैशालीने खाणाखुणा केल्या, त्याने हसून बाथरूम दाखवलं. बायका परत येईपर्यंत त्याने मजलिसमध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या खोलीत, गालिच्यावर कॉफीचं चोचवालं भांडं आणि खजुरांचं ताट मांडलंसुद्धा.

आता नाही कसं म्हणायचं? खरं म्हणजे तोवर इतकी वर्षं या देशात राहून मी एकाही लोकल माणसाच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. आमचं जग म्हणजे ऑफिस, मल्याळी किराणावाला, मराठी मंडळ आणि देऊळ. बसलो.

ती कॉफी तुम्ही प्यायला असाल. पिवळसर, कडू, वेलचीची, आणि कान नसलेल्या एवढ्याशा कपात. मी पटकन संपवली, उठणार, तोच त्याने परत ओतली. तीही संपवली. परत ओतली! ‘‘बस, बस, शुक्रन,’’ मी म्हटलं. हसला आणि ओतली. मी कपावर आडवा हात धरला, आपण पंगतीत धरतो तसा. त्याने माझा हात हळूच बाजूला केला आणि ओतली. ‘‘खलास, चाचा, खलास!’’ ...ओतली.

‘‘काय आग्रह करतात हो ही माणसं,’’ वैशाली म्हणाली. ‘‘माझ्या कोकणातल्या काकूवर ताण आहे.’’

‘‘अगं पण फ्लाइट!’’

‘‘मग नका पिऊ.’’

‘‘भरलेला कप टाकून उठू?’’

आईने लहानपणापासून पानात टाकायचं नाही हे असं काही डोक्यात बसवलंय की माझ्याकडून ते होईना. आई पित्ताच्या भीतीने कॉफीला शिवलीच नव्हती. शांतपणे खजूर खात म्हाताऱ्याकडे बघत होती आणि मधूनच मान डोलावत होती. सई माझ्या शेजारी. एकदा तिने आपला रिकामा कप उचलला, ‘‘बाबा, यू हॅव टू—’’ म्हणाली आणि मध्येच थांबली. म्हाताऱ्याकडे बघितलं. मग गुपचूप कप खाली ठेवला. मला वाटलं लाजली.

म्हातारा एक शब्द बोलला नाही. नुसता माझ्याकडे रोखून बघायचा आणि ओतायचा. मी घड्याळ बघत होतो. माझ्या डोळ्यांपुढे एअरपोर्टवरचं बंद झालेलं काउंटर होतं आणि श्राद्धाच्या दिवशी दुबईतच राहिलेली आई होती. चिडलो होतो मी, सरळ सांगतो. मनातल्या मनात म्हाताऱ्याला शिव्या घालत होतो.

शेवटी अचानक त्यानेच भांडं बाजूला ठेवलं आणि दाराकडे हात केला. जा. एवढंच.

आम्ही बाहेर आलो आणि तो आवाज ऐकला. आधी वाटलं ट्रक येतोय. आम्ही ज्या रस्त्याने वर आलो होतो, आणि मघाशीच निघालो असतो तर ज्याच्यावर त्या वेळी आमची गाडी असती, तिथे काठोकाठ तांबडं पाणी धावत होतं. त्यातून एक अख्खं झाड गेलं, मुळांसकट. आमच्या डोक्यावर आभाळ निळंशार! फक्त लांब, आतल्या डोंगरांवर काळं दिसत होतं. वैशालीने आईला मागे ओढलं. मी सईचा हात इतका घट्ट धरला की ती ‘‘आउच’’ म्हणाली.

थोड्या वेळाने वरच्या अंगाने एक पिकअप आली. म्हाताऱ्याचा मुलगा. त्याला हिंदी येत होतं, इथल्या बऱ्याच लोकांना येतं तसं. म्हणाला, घाबरू नका, डोंगरामागून वाट आहे, माझ्या मागे मागे या. आई आणि सई आमच्या गाडीत जाऊन बसल्या. वैशालीने हात जोडून त्याला म्हटलं, आपके फादर को हमारा शुक्रिया बोलना, वो कुछ बोले ही नहीं।

‘‘फादर बोलता नहीं,’’ तो म्हणाला. ‘‘गले का ऑपरेशन हुआ, लंबा टाइम हो गया। आवाज खलास।’’

एअरपोर्टवर आम्ही अक्षरशः धावत पोचलो. काउंटर बंद व्हायच्या बेतात होतं. बॅगा पट्ट्यावर टाकताना आई म्हणाली, ‘‘म्हातारा किती मायेने बोलत होता नाही?’’ मी ‘‘हो हो, पासपोर्ट दे’’ म्हटलं. आई वेळेवर पोचली, श्राद्ध यथासांग झालं.

इथपर्यंत अमानवीय काहीच नाही, मान्य. डोंगरातल्या माणसाला लांबचे ढग कळतात. त्याला तोंडाने सांगता येत नव्हतं म्हणून त्याने आम्हाला कॉफीने अडवून धरलं. मी ही गोष्ट कितीतरी पार्ट्यांत अशीच सांगितली आणि टाळ्या घेतल्या.

मग काही वर्षांनी, दोन हजार तीनच्या सुमाराला, आमच्या कंपनीच्या अरबी मालकाने ईदला आम्हाला घरी बोलावलं. पुन्हा कॉफी, पुन्हा तोच छळ. मी मेटाकुटीला आलेला बघून मालक खो खो हसला. ‘‘हबीबी, कप हलव! असा!’’ चिमटीत धरलेला रिकामा कप त्याने मनगटातून दोनदा हलवून दाखवला. हलवला की पुरे. नाही हलवला तर यजमान ओतत राहणार, तोंडाने काहीही म्हणा. बघतो तर शेजारी सईने आपला कप हलवून केव्हाच परत दिला होता.

परतताना गाडीत मी तिला विचारलं, ‘‘तुला कोणी शिकवलं गं?’’

‘‘बाबा, एव्हरीवन नोज दॅट. स्कूलमध्ये, ग्रेड टूमध्ये शिकवलं होतं.’’

ग्रेड टू. माझ्या डोक्यात हिशोब व्हायला जरा वेळ लागला. ‘‘मग त्या डोंगरातल्या म्हाताऱ्याकडे का नाही सांगितलंस?’’

‘‘आय वॉज गोइंग टू. ही सेड नो.’’

‘‘कोण?’’

‘‘तो आजोबा. ही सेड, राहू दे बाळ, पिऊ दे त्याला.’’

वैशालीने वळून मागे बघितलं. मी गाडी कडेला घेतली. ‘‘सई, हे तो कुठल्या भाषेत म्हणाला?’’

‘‘मराठी, आय गेस,’’ ती म्हणाली. मग तिचीच तिला गंमत वाटली. ‘‘वेट... हाउ?’’

म्हाताऱ्याला आवाज नव्हता हे सईला आम्ही कधीच सांगितलं नव्हतं. लहान पोरीला कशाला गळ्याची ऑपरेशनं सांगायची? पार्ट्यांमध्ये मी गोष्ट सांगायचो तेव्हा ती मुलांबरोबर दुसऱ्या खोलीत असायची.

मी सवयीप्रमाणे चुका काढायला बसलो. मंडळातल्या एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अशा ऑपरेशननंतर काही जण अन्ननलिकेतून हवा ढकलून थोडंफार बोलायला शिकतात. ठीक. मराठी? जुन्या काळी इथली माणसं मुंबईला ये-जा करायची, तर तो चार शब्द शिकला असेल. तेही ठीक. लहान मुलांच्या आठवणी मागाहून बदलतात. तेही मान्य. पण मी आणि वैशाली त्याच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो आणि आम्हा दोघांना काहीही ऐकू आलं नव्हतं. मग एअरपोर्टवरचं आईचं ते वाक्य आठवलं आणि मी पुण्याला फोन लावला.

‘‘आई, तो खतचा म्हातारा आठवतो? तो बोलला होता का गं?’’

‘‘म्हणजे काय! सारखा बोलत होता. बसा, घाई करू नका, आत्ता जाऊ नका. किती वेळा म्हणाला बिचारा.’’

‘‘आम्हाला कसं नाही ऐकू आलं मग?’’

‘‘मला काय माहीत? तुझ्याकडेच बघून म्हणत होता की रे. तू घड्याळ बघत होतास.’’

ती हे रागावून म्हणाली नाही. तिला त्यात विशेष काही वाटलंही नव्हतं. मला मात्र भर दुपारी घरात बसून रडू आलं. का, ते नीट सांगता येणार नाही.

पुढच्याच शुक्रवारी मी आणि वैशाली गेलो. म्हातारा गेला होता, दोन वर्षं झाली म्हणे. मुलाने ओळखलं, मिठी मारली, त्याच मजलिसमध्ये बसवलं. ऑपरेशननंतर आपल्या वडिलांना शेवटपर्यंत तोंडातून हुंसुद्धा काढता आलं नाही, हे त्याने न विचारता सांगितलं. कॉफी ओतली. मी घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि पीत राहिलो. तो ओतत राहिला. खजुराच्या झावळ्या वाजत होत्या, बाहेर कुठेतरी शेळी ओरडत होती. मी कान देऊन बसलो होतो. बराच वेळ.

काहीच ऐकू आलं नाही.

‘‘चला आता,’’ वैशाली हळूच म्हणाली. मी कप हलवला.